बरोबर हाय

बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आठवड्याचा पगार होतो. पाण्याच्या टाकीजवळ दगडी कट्टा आहे; त्यावर वही, रबर लावलेली नोटांची गड्डी आणि चहाची किटली. एरवी तिथं आबा, माझे वडील, बसतात. या नोव्हेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ऐन विरळणीत द्राक्षबाग वाऱ्यावर कशी सोडायची म्हणून मी पुण्याच्या ऑफिसात रजा टाकून तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले. वहीतलं पान आबांनी आधीच आखून ठेवलं होतं. डावीकडं गडी, रोज ६००. उजवीकडं बाई, रोज ३५०. त्या आठवड्यात तीन गडी होते आणि नऊ बाया. गड्यांना छत्तीसशे-छत्तीसशे दिले, त्यांनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या आणि गाडीला किक मारली. मग बाया आल्या. सगळ्यांत शेवटी मावशी. मी शाळेत होते तेव्हापासून त्या आमच्या बागेत येतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, बोटं पानांवरच्या औषधानं निळसर झालेली. एकवीसशे रुपये त्यांच्या हातावर ठेवून मी म्हटलं, "मोजून घ्या मावशी." त्यांनी नोटांकडं पाहिलंसुद्धा नाही. चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत सरकवल्या आणि म्हणाल्या, "मोजायचं काय त्यात आक्का. बरोबर हाय."

बरोबर नव्हतं. ते मला माहीत होतं आणि तरीही मी वही मिटली.

त्या आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवशी फवारणीचा ब्लोअर बंद पडला होता. मेकॅनिक येतो-येतो म्हणून येईना. तिघं गडी रिकामे बसायला नकोत म्हणून आबांनी घरातूनच सांगितलं, "लाव त्यांना बी विरळणीला." विरळणी म्हणजे घडातले जादा मणी आणि पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या बारीक फांद्या, काढून टाकणं. घड दाट राहिला तर मणी एकमेकांना दाबतात, फुगत नाहीत, आतल्या आत कुजतात. जास्त काढलं तर घड भुंडा दिसतो, वजन भरत नाही. कुठली पाकळी ठेवायची आणि कुठली उडवायची हे दर घडाला नव्यानं ठरवावं लागतं, आणि एकेका झाडावर तीस-पस्तीस घड. मांडवाखाली उभं राहायचं, मान मागं टाकायची, हात डोक्याच्या वर धरायचे आणि बोटभर कात्री चालवत राहायचं. डोळ्यांत कचरा पडतो, तो शर्टाच्या बाहीनं पुसायचा. पहिल्या दिवशी मीही हौसेनं कात्री घेतली होती. दुपारपर्यंत मानेत असा पिळा बसला की रात्री उशी काढून टाकावी लागली. नऊजणी हे काम दीड महिना करतात. जानेवारीपर्यंत त्यांच्यातली एकही मान सरळ करून झोपत नाही, असं मावशींनी मला सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही. बाम कुठला चांगला, असा विषय निघाला होता म्हणून.

गड्यांच्या बोटांत ती कात्री मावेना. एकानं घडाचा खांदाच छाटून टाकला आणि मावशींनी धावत जाऊन त्याच्या हातातली फांदी सोडवून घेतली, मग त्याला शेजारी उभं करून दोन घड करून दाखवले. संध्याकाळी मी झाडं मोजली. बायांची कुणाची बावीस, कुणाची पंचवीस. गड्यांची चौदा, तेरा, पंधरा. त्यांना सवय नव्हती, दोष द्यावा असं त्यात काही नाही. पण सहा वाजता वहीत त्यांच्या नावापुढं सहाशेच पडले. शिकवणारीला साडेतीनशे आणि शिकणाऱ्याला सहाशे.

इतकी वर्षं मला वाटत होतं की काम वेगळं म्हणून रोज वेगळा. ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हा मोठी कात्री गड्यांच्या हातात असते आणि ते कसबाचं काम समजलं जातं. त्यात कसब आहेच. विरळणीची कात्री लहान, म्हणून काम हलकं, म्हणून रोज कमी, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. त्या दोन दिवसांत हे सगळं उघडं पडलं. लहान कात्री गड्याच्या हातात आली तरी त्याचा रोज लहान झाला नाही. म्हणजे तो भाव कामाला नव्हताच कधी. तो अंगाला होता.

त्या रात्री मी आबांशी बोलले. ते ओसरीत हिरवा चष्मा लावून बसले होते, टीव्हीकडं नुसते कान देऊन. म्हणाले, "बाया दहाला येत्यात, गडी नवाला. तासभर कमी न्हाय का भरत?" मुद्दा खोटा नव्हता. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जेवणाची सुट्टी वगळली तर गड्याचे आठ तास, सहाशे रुपये, तासाला पंचाहत्तर. बाईचे सात तास, साडेतीनशे, तासाला पन्नास. पंचाहत्तरनं धरलं असतं तर सात तासांचे सव्वापाचशे झाले असते. म्हणजे त्या एका तासानं पंचाहत्तर रुपयांचा फरक पडतो. उरलेले पावणेदोनशे कुठल्या तासाचे? आबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "रेट ठरल्याला हाय. आपुन न्हाय ठरवला."

आणि तो तासभर तरी कुठं जातो? नवाला गडी बागेत येतो तेव्हा त्याच्या डब्यातली भाकरी कुणीतरी पहाटे पाचला उठून थापलेली असते. मावशींच्या घरी शेरडं आहेत, सून बाळंतपणाला आलेली लेक सांभाळते, पाणी दिवसाआड येतं. देशभरच्या वेळवापर सर्वेक्षणात २०२४ साली असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. आकडा वाचला तेव्हा मला आमचा दहाचा आणि नवाचा भोंगा आठवला. घरात जे फुकट करावं लागतं तेच बागेत येऊन पगारातून कापलं जातं.

आबांना मी लबाड म्हणणार नाही. बेदाण्याचा भाव पडला त्या वर्षी त्यांनी औषधवाल्याची उधारी फेडायला आईच्या पाटल्या मोडल्या, पण एकाही बाईचा आठवडा थकवला नाही. "रेट आपुन न्हाय ठरवला" हेही त्यांच्या परीनं खरं आहे. गावातल्या पोरांना एमआयडीसी आहे, गवंड्याच्या हाताखालचं काम आहे, ट्रकवर क्लीनर म्हणून जाता येतं. सहाशे नाही दिले तर ती उद्या दिसणार नाहीत. बायांना सकाळी शेरडांना पाला टाकून, संध्याकाळी नातवाकडं बघून जेवढ्या अंतरावर जाता येतं तेवढंच त्यांचं जग, आणि त्या अंतरात सगळ्या बागा साडेतीनशेवाल्याच. दुसरीकडं जायला दार नसलं की भाव पाडावा लागत नाही, तो आपोआप पडलेला राहतो.

पण आबांचं वाक्य ऐकून माझ्या पोटात जे ढवळलं त्याचं कारण वेगळं होतं. ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या प्रिंटरवर एक कागद कुणीतरी विसरून गेलं होतं. माझ्याच महिन्यात, माझ्याच पदावर लागलेल्या सहकाऱ्याला महिन्याला अकरा हजार जास्त मिळत होते. मी तो कागद उलटा ठेवला, जागेवर येऊन बसले आणि एका एक्सेलच्या खान्याकडं किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. तो चांगला माणूस होता, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पुस्तक आणणारा. त्याच्यावर राग काढावा असं काही नव्हतं आणि तेच जास्त जाचत होतं. तीन दिवसांनी धीर करून साहेबांकडं गेले. ते सौम्यपणे म्हणाले, "तुमचा आधीचा पगारच कमी होता मॅडम. आम्ही त्याच्यावर टक्के लावतो." आधीचा पगार कमी होता, कारण मुलगी झाल्यावर मी तीन वर्षं घरी होते आणि परत उभं राहताना जो मिळेल तो आकडा मान हलवून घेतला होता. ती तीन वर्षं मी कधीच मागं टाकली होती, पण पगाराच्या कागदावर ती दर महिन्याला हजर होत होती. काल कमी होता म्हणून आज कमी. नंतर त्यांनी थोडं वाढवलं. पूर्ण नाही. त्या संध्याकाळी स्वारगेटच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी स्वतःशी शपथ घेतल्यासारखं काहीतरी बोलले होते.

आणि इथं गड्डी माझ्याच हातात होती.

आजी असती तर काय म्हणाली असती, हे मला नेमकं माहीत आहे. ती बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती, पाझर तलावाच्या कामावर, कडेवर माझी धाकटी आत्या. दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा वास तिला मरेपर्यंत आवडला नाही. पण पुढं रोजगार हमीची कामं निघाली त्यांच्याविषयी बोलताना तिचा आवाज बदलायचा. वि. स. पाग्यांची ती योजना. तिचा पहिला प्रयोग आमच्याच तालुक्यात, विसापूरला झाला होता, याचा तिला घरच्या लग्नाइतका अभिमान. १९७७ साली तिचा कायदा झाला, पण आजीला कायदा ठाऊक नव्हता, तिला टेप ठाऊक होता. माती किती खणली, किती वाहिली याचं माप घ्यायचे आणि मापावर मजुरी. बाईचा दर निराळा नाही. "टेपाला काय कळतंय गं, बाई हाय का बाप्या हाय," असं म्हणून ती हवेत दोन्ही हात फाकवून टेप धरून दाखवायची. टोळीत पैसे वाटताना कुरबुरी व्हायच्या, खणणारा मोठा का वाहणारी मोठी यावर भांडणं लागायची, तेही ती लपवायची नाही. पण मस्टरवर तिचं नाव होतं. नवऱ्याचं नाही, तिचं, आणि त्यापुढं तिचा अंगठा. त्या पैशातून तिनं पितळेचा तांब्या घेतला, तो अजून देवघरात आहे, तळाशी तिचं नाव कोरलेला.

बाहेरच्या जगात तेव्हा कायदाही आला होता. १९७६चा समान वेतन कायदा. सारख्या किंवा सारख्या धर्तीच्या कामाला बाई-पुरुषांना सारखाच मोबदला. मुंबईत मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर बाईंनी तो हातात घेऊन भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. बायकांची लेडी स्टेनो अशी वेगळी वर्गवारी करून त्यांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार दिला जात होता. १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, आणि कंपनीची ऐपत नाही ही सबब न्यायालयानं ऐकली नाही. हा निकाल मी वाचला तो माझा प्रिंटरवरचा कागद सापडल्यानंतर, रात्री जागून. त्यातली वेगळ्या वर्गवारीची गोष्ट मला तेव्हाच लक्षात यायला हवी होती. कामाचं नाव बदललं की दर बदलता येतो. लेडी स्टेनो. बायांची विरळणी. पुढं २०१९च्या वेतन संहितेत तो कायदा सामावला गेला. आमच्या टाकीजवळच्या कट्ट्यापर्यंत दोन्हींपैकी काहीच चालत आलं नाही.

नाही म्हणायला एक बातमी आली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळानं बायकांच्या आणि पुरुषांच्या संघांची मॅच फी सारखी केली. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. आबांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, स्मृती मानधना आपल्या सांगलीची म्हणून. आवाजात आनंद मावत नव्हता. वर्षाच्या कराराची रक्कम तेव्हाही बायकांची पुरुषांच्या कितीतरी खाली होती, पण मी ते बोलले नाही, त्यांचा आनंद मला हवा होता. ती कात्रणं अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहेत. त्याच कपाटात पगाराची वही असते.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, कारखान्याकडं. वरती उसावर बसलेली जोडपी, मधे पोरं, बाईच्या मांडीवर वाढ्यांची पेंढी. बीडकडून येतात. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्याची, हिशेब कोयत्याचा, खाडा झाला तर दंडही कोयत्याला, आणि मुकादमाशी व्यवहार नवऱ्याचा. तिचा रोज वेगळा काढायचा म्हटला तरी निघत नाही; ती अर्धा कोयता आहे. खाडा परवडत नाही म्हणून बीडमधल्या किती बायांनी गर्भाशयं काढून घेतली याच्या बातम्या २०१९ मध्ये सगळ्यांनीच वाचल्या. मावशींकडं निदान साडेतीनशेचा एक आकडा होता ज्याच्याविषयी मी आबांशी भांडू शकत होते. ट्रॉलीवरच्या बाईचं नाव कुठल्या वहीत शोधायचं?

आबांशी दुसऱ्या रात्री पुन्हा बोलले. या वेळी आकडे नाही मांडले. मी त्यांना आजीचा टेप आठवून दिला. ते हसले नाहीत. बराच वेळ डोळ्याला रुमाल लावून बसले. पाणी येत होतं, औषधाचं असेल. म्हणाले, "रोज वाढवला तर सगळा गाव माझ्या दारात ईल. शेजारचा बांधावर बोलायचं बंद करंल." मग स्वतःच म्हणाले, "उक्तं दिलं तर कोण काय म्हनत न्हाय." राहिलेल्या बागेची विरळणी झाडावर द्यायची, म्हणजे रोज नाही, दर झाडामागं ठरलेले रुपये. बायांनी आपसात बोलून बावीस मागितले, आबा अठरावर अडले, वीसवर तुटलं. माझा जीव मात्र मावशींसाठी धाकधुकत होता. साठी उलटलेली बाई. उक्त्यात तरण्या पोरी पुढं पळाल्या तर ती साडेतीनशेच्याही खाली जायची आणि ते माझ्यामुळं. उक्तं काही न्यायाचं दुसरं नाव नव्हे, तिथं म्हातारपणाची आणि आजारपणाची किंमत ज्याची त्यानं मोजायची असते. शिवाय वहीतलं ते आखलेलं पान तसंच होतं. विरळणी संपली की बाई ३५०.

पुढचे सहा दिवस बागेत गप्पा कमी झाल्या, एवढा फरक मला जाणवला. बाया नवाच्याही आधी येऊ लागल्या. दोघीजणी घरातली भाकरी कुणावर टाकून आल्या होत्या ते मी विचारलं नाही. मावशी पळाल्या नाहीत. त्यांनी उत्तरेकडच्या कडेच्या ओळी घेतल्या, सावलीतल्या, आणि एकाच चालीनं पुढं सरकत राहिल्या. झाड झालं की त्याच्या खोडाला चिंधी बांधायच्या, जुन्या पातळाची, लाल. दिवसाला पंचवीस-सव्वीस झाडं भरत होती.

पगाराच्या दिवशी अंधार लवकर पडला. मी एकेकीची झाडं वाचत गेले, वीसनं गुणत गेले, नोटा देत गेले. मावशींच्या नावापुढं १४३ झाडं होती, अठ्ठावीसशे साठ रुपये. मी नोटा पुढं केल्या. त्यांनी हात पुढं केला नाही.

"आक्का, वही दाव."

त्यांना वाचता येत नाही. तरी मी वही त्यांच्याकडं फिरवली, कुठल्या ओळीची किती ते बोट ठेवून सांगितलं. त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मग थांबल्या.

"वगळीकडच्या टोकाची आकरा झाडं न्हाईत धरल्याली."

मी म्हटलं, मावशी, मी स्वतः फिरून मोजलंय. त्या म्हणाल्या, "चिंध्या हायत खोडाला. चल, बघ." बाकीच्या बाया किटलीजवळ उभ्या राहून बघत होत्या, कुणी घरी जायची घाई करेना. मी मोबाईलची बॅटरी लावली. मावशी पुढं झाल्या, शर्टाच्या बाह्या खाली ओढत, आणि आम्ही ओल्या मातीतून कडेच्या ओळीनं चालत वगळीपर्यंत गेलो. तिथं वाकून त्यांनी पहिली चिंधी उजेडात धरली.

"ही एक," त्या म्हणाल्या. "लिव."